शब्दचर्चा : रूपांतर की बेतलेला?

प्रश्न (अमळनेर) : कादंबरीवरून सिनेमा निघतो, त्याला 'रूपांतर' म्हणायचं की 'कादंबरीवर बेतलेला'? की 'आधारित'? आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून चहा गार झाला. एकाचं म्हणणं, रूपांतर म्हणजे दोन रूपांमधलं अंतर, आणि पुस्तक वाचलेल्या माणसाला थेटरात ते मोजता येतं!

उत्तर (चाळीसगाव) : कल्पना गोड आहे, व्युत्पत्ती नाही. संस्कृतात समासाच्या शेवटी येणारं 'अंतर' म्हणजे 'दुसरा, वेगळा'. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप. यात मैलांचा संबंध नाही.

मजा 'पाठांतर'ची आहे. मुळात त्याचा अर्थ दुसरा पाठ, म्हणजे पोथीतला वेगळा मजकूर. मराठीत मात्र ते तोंडपाठ करणं झालं आणि जुन्या अर्थासाठी 'पाठभेद' आला. पुस्तक पाठ असलेला माणूस सिनेमा बघायला बसला की शेवटच्या पाटीपर्यंत पाठभेदच मोजतो. मीही त्यातलाच.

'आधारित' मला आवडत नाही. भिंत पायावर आधारित असते, तसं सगळंच कशावर ना कशावर आधारित असतं. घरात तर आपण सरळ 'पुस्तकावरून काढलेला पिक्चर' म्हणतो, आणि ते पुरतं.

पण माझं मत 'बेतणे'ला. हा शिंप्याचा शब्द. माप घेऊन कापड बेतायचं आणि मग शिवायचं. सिनेमावाला तेच करतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. त्यात ४२ रात्री. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला, तो एका बैठकीत संपणारा. एवढं कापड त्या मापात बसवायचं तर कात्री लागणारच. गळलेल्या प्रसंगाबद्दल हळहळ वाटते, पण कापताना चिंध्या पडल्याच नाहीत असा शिंपी मी तरी पाहिला नाही. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला हे सांगितलं तर म्हणे, "कापड तेच शे, माप बदलनं."

प्रश्न (अमळनेर) : मग 'जिवावर बेतणे'चं काय?

उत्तर (चाळीसगाव) : तिथे अर्थ वेगळा, प्रसंग गुदरणे. पण काही सिनेमे कादंबरीवर आणि कादंबरीकाराच्या जिवावर एकाच वेळी बेतलेले असतात, हे मान्य!

(जळगाव) : बहिणाबाईंच्या कवितांना कुठला शब्द लावाल? 'अरे संसार संसार' १९६१च्या 'मानिनी'त आलं. त्या तर १९५१लाच गेल्या. कविता सिनेमासाठी लिहिलेली नव्हती आणि सिनेमाची गोष्टही तिच्यावरची नव्हती. रूपांतर नाही, बेतणं नाही. मी 'उसनं घेतलं' म्हणेन. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसं. फक्त इथे गोडी सिनेमाला आली आणि वाटी भरलेलीच परतली.

(नंदुरबार) : शिंप्याचाच विषय निघालाय म्हणून विचारतो. पूर्वी शर्टाची कॉलर झिजली की ती उलटवून शिवून घ्यायचे. शर्ट जुनाच, दिसायला नवा. जुन्याच सिनेमाची गोष्ट नवा नायक घेऊन परत येते, त्याला 'कॉलर उलटवलेला पिक्चर' म्हटलं तर चालेल का? आमच्याकडे दोघं आत्ताच म्हणायला लागलेत.