प्रोस्टेटच्या कर्करोगावरील हार्मोनचे इंजेक्शन: दुष्परिणाम आटोक्यात ठेवून उपचार चालू ठेवता येतात का?

नाशिकची लेक:
नमस्कार. माझ्या बाबांचे वय ७१ आहे. त्यांचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलेला नाही, परंतु तो जास्त जोखमीच्या गटातला असल्यामुळे रेडिएशननंतरही दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन घ्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पीएसए (रक्तातील प्रोस्टेटच्या प्रथिनाची पातळी) चांगला खाली आला आहे. मात्र रात्री दोन-अडीचच्या सुमारास त्यांच्या छातीतून मानेकडे एकदम आग उसळते, बनियन पिळून काढावे इतका घाम येतो आणि लगेच थंडी वाजू लागते. पोट सुटले आहे, मांड्या बारीक झाल्या आहेत, थकवा जात नाही आणि आजवर ताब्यात असलेली साखरही वाढली आहे. पुढचे इंजेक्शन घ्यायचेच नाही, असे ते म्हणू लागले आहेत. डॉक्टरांनी विचारले की मात्र ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगून उठतात. इंजेक्शन न थांबवता हा त्रास कमी करता येतो का?

सातारचे काका:
ताई, मी स्वतः हे उपचार घेत आहे, म्हणून आधी बाबांसाठी एक गोष्ट सांगतो. या इंजेक्शनमुळे शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळजवळ नाहीसे होते, आणि कर्करोग दबतो तो त्यामुळेच. तुम्ही लिहिलेला बहुतेक त्रासही त्याच कारणाने होतो. शिवाय इंजेक्शन आज बंद केले तरी टेस्टोस्टेरॉन परत यायला कित्येक महिने लागतात आणि वय जास्त असेल तर ते पूर्ववत होतेच असे नाही. त्यामुळे बंद केल्यावर लगेच सुटका होईल, हा हिशेब बरोबर नाही.

घामाच्या उमाळ्यांसाठी मला सुती कपडे, संध्याकाळनंतर चहा आणि तिखट टाळणे व उशाशी कोरडा बनियन ठेवणे, एवढ्याने बराच आराम पडला. तेवढ्याने भागले नाही तर यावर औषधे आहेत: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन. रुग्णाचा रक्तदाब, हृदय आणि इतर गोळ्या पाहून डॉक्टर त्यांतले एखादे निवडतात, पण त्यासाठी त्रास त्यांच्या कानावर जायला हवा. उमाळा कधी आला, किती वेळ टिकला आणि झोप किती वेळा मोडली हे एका वहीत लिहून ती वहीच त्यांच्यासमोर ठेवावी. बाबा बोलले नाहीत तरी वही बोलेल.

थकव्यावर विश्रांती हा उपाय वाटतो, पण अनुभव नेमका उलटा येतो. नुसते चालणेही पुरत नाही, कारण स्नायू झिजत असतात. माझ्या फिजिओथेरपिस्टने हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि रबरी पट्टा ओढणे, असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करायला लावले. जिना चढताना फरक जाणवायला काही आठवडे गेले, पण तो जाणवला.

निवृत्त परिचारिका, कर्करोग विभाग:
काकांनी लिहिलेले योग्यच आहे. मला ज्याची अधिक काळजी वाटते तो दुष्परिणाम रुग्णाला जाणवतच नाही, आणि तो म्हणजे हाडे ठिसूळ होणे. पहिले लक्षण म्हणून थेट खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यामुळे तक्रार नसली तरी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला आहे का, हे विचारा. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे भाकरी आणि दूध-दही यांनी बरेचसे भागते. ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटांचे साशे मात्र मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. हाडे जास्त विरळ निघाली तर झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाइन किंवा दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन देतात. डेनोसुमॅबची तारीख चुकवू नये, कारण ते अचानक थांबल्यास मणके दबून मोडण्याचा धोका वाढतो.

साखर वाढण्यामागे हे इंजेक्शनही असू शकते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याची कल्पना द्या आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), कोलेस्टेरॉल व रक्तदाब नियमित तपासा. हिमोग्लोबिनही पाहून घ्या. ते थोडे उतरते आणि थकव्यात भर घालते. ‘ताकदीसाठी’ म्हणून कोणी शिलाजित किंवा तत्सम काही दिले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, कारण टेस्टोस्टेरॉन वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी उत्पादने या उपचारांच्या मुळावरच येऊ शकतात. आणि पाठीत नव्याने तीव्र दुखू लागले, पाय लुळे वाटले किंवा लघवी अडली, तर तो इंजेक्शनचा त्रास समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कोल्हापूरहून एक पत्नी:
वर एक विषय राहिला आहे. या उपचारांत शरीरसंबंधाची इच्छाच मावळते. माझे पती त्याविषयी अवाक्षर काढत नव्हते. चिडचिड करत, कधी बातम्या पाहतानाही त्यांचे डोळे भरून येत, आणि मला वाटे की माझेच काही चुकले. हे औषधाने होते आहे असे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले, तेव्हा घरातला ताण पुष्कळ उतरला. मुलीशी बाबा यावर बोलणार नाहीत, म्हणून पुढच्या वेळी आईंना बरोबर न्या आणि थोडा वेळ त्या दोघांनाच आत बसू द्या. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, जेवणावरची वासना गेली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नका. ह्यांना त्याचा खरोखर उपयोग झाला.

नाशिकची लेक:
सर्वांचे मनापासून आभार. वही आजच सुरू केली आणि आईही यायला तयार आहे. परिचारिका ताई, डेक्सामध्ये हाडे विरळ असल्याचे आधीच दिसले असून पुढच्या महिन्यात झोलेड्रॉनिकची सलाइन सुचवली आहे. बाबांची एक दाढ मात्र हलते आहे. त्याने काही अडते का?

निवृत्त परिचारिका, कर्करोग विभाग:
अडते, आणि आत्ताच विचारलेत हे फार बरे झाले. या औषधानंतर दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून जखम भरत नाही, म्हणून दाढ काढायची असेल तर ती आधी काढून जागा पूर्ण भरू द्यावी. दंतवैद्यांना सलाइनचे नाव आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना दाढेची अवस्था, दोन्ही आजच कळवा. सलाइनची तारीख त्याप्रमाणे पुढे घेता येते. त्याआधी मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही करून घ्या, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते.