मदत हवी आहे: अशनीच्या काचेतलं पाणी सेकंदांत जातं कसं?

नमस्कार मंडळी, मी भूगर्भशास्त्रवाला नाही, २२ वर्षं बाटल्यांच्या काचेच्या भट्टीवर काढलीत, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तरी सांभाळून घ्या.

भाच्याने बँकॉकहून काळा खडा आणलाय, टेक्टाइट म्हणतात. खारकेएवढा, अंगभर खळगे, जणू मळलेल्या कणकेत बोटं रुतलीत, आणि उजेडात धरला की पातळ कडा तपकिरी दिसते. साधारण ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी मोठी अशनी आपटली, जमिनीतली माती-वाळू वितळून उडाली आणि हवेतच थिजली, म्हणजे काच आपल्याच मातीची, आकाशातून आलेली नाही, इथवर समजलं.

पुढे माझं घोडं पेंड खातंय. यात पाणी म्हणे वजनाच्या ०.००२ ते ०.०२ टक्के. आमच्या बाटलीच्या काचेतसुद्धा यापेक्षा जास्त असतं हो! खात्री करायला काल एक टवका काढून गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत धरला, शेजारी ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचा तुकडा. ऑब्सिडियन साबुदाण्याच्या पापडासारखा फुगला, पांढरा फेस. हा पठ्ठ्या नुसता लाल झाला, कडेने गोल झाला, एक बुडबुडा नाही.

आमच्याकडे १५०० डिग्रीच्या आसपास, सल्फेट घालून, तरी सीड म्हणजे बारीक बुडबुडे निघायला तासन्‌तास लागतात. एकदा मी पुल, म्हणजे भट्टीतून काच ओढायचा वेग, वाढवायची घाई केली तर अख्ख्या शिफ्टचा माल कलेटमध्ये, म्हणजे काचेच्या भंगारात गेला. आणि पाणी काचेत थेंब होऊन बसत नाही, हायड्रॉक्सिल (OH) होऊन सिलिकाला चिकटतं, झिरपत झिरपत बाहेर यायचं तर जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट. मग ओल्या मातीतून हे सेकंदा-मिनिटांत कसं जमलं?? नुसतं "तापमान जास्त होतं" म्हणू नका प्लीज.

खडकवेडी: दादा, टॉर्चचा प्रयोग भारी. पण भट्टी डोक्यातून काढा, इथे दाबाचा खेळ आहे. धडकेत माती आधी प्रचंड दाबली जाते, मग दाब एकदम सुटतो, सोड्याच्या बाटलीचं झाकण उडाल्यासारखा. तापमान २००० डिग्रीच्या वर, तिथे क्वार्ट्‌झचे कणही वितळतात (त्यांची शुद्ध सिलिकाची काच टेक्टाइटमध्ये सापडते), रस पातळ होतो, वाफेने फेसाळतो, फाटून बारीक थेंब आणि पातळ पापुद्रे होतात. तुमचाच जाडीचा हिशेब उलटा लावा: सेंटीमीटरचा गोळा झिरपून सुकणार नाही, मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा पापुद्रा चटकन सुकतो. शिवाय रसात पाणी किती मावेल हे साधारण दाबाच्या वर्गमुळावर ठरतं, दाब शंभरावा भाग झाला की मावणारं पाणी दहावा भाग. बंद बुडबुड्यांतही वायूचा दाब अगदी कमी सापडतो, म्हणजे थिजलं ते उंचावर, विरळ हवेत. नुसतं पाणी नाही, जस्तही उडालंय, उरलेल्या जस्तात जड समस्थानिकांचं, म्हणजे जस्ताच्याच जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण वाढलेलं दिसतं.

बुलढाणेकर: आमच्या लोणारला पण असेच खडे मिळतात का?

खडकवेडी: काचेचे बारीक मणी मिळतात, पण ते बेसाल्टचे आणि विवराच्या आसपासचे. टेक्टाइट लांब जाऊन पडतात. जर्मनीतल्या रीसच्या २४ किमी विवराची हिरवी काच, मोल्डावाइट, शेकडो किलोमीटरवर चेकियात सापडते.

मी: पापुद्र्याचं पटलं, थँक्यू ताई. पण आधी फेस आणि मग हा घट्ट गोळा, ते बुडबुडे गेले कुठे? आमचा रस असा फेसाळला तर सीड काढता काढता नाकी नऊ येतात.

खडकवेडी: बुडबुड्यात हवा असती तर अडकली असती. आत वाफ होती, ती निसटली, पोकळी मिटली, पापुद्रे परत चिकटले. ज्यांना उडायला कमी मिळालं ते लाओस-थायलंडचे थरांचे मुआँग नाँग टेक्टाइट बघा, त्यांत बुडबुडेही जास्त आणि पाणीही थोडं जास्त. तुमच्याकडे डायमंड कटर असेल तर खडा मधोमध कापा आणि फोटो टाका.

मी: कटर आहे. भाच्याला टवक्याचंच अजून सांगितलेलं नाही.