आयरिश हस्तकलेची प्रेरणा नेमकी कोठे आहे?

धागा – करंडी

आयर्लंडमधल्या आजच्या कारागिरांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात प्रेरणेचा परिच्छेद जवळजवळ ठरलेला असतो: अटलांटिकचा वारा, दलदलीचे माळ, पावसाने धुतलेले डोंगर आणि त्यामागे केल्टिक पूर्वजांची सावली. हा परिच्छेद खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु कारागिराला जे सुचते ते प्रथम हातातल्या साहित्यातून आणि तेच काम वर्षानुवर्षे केल्यामुळे सुचते, डोंगर आणि समुद्र त्यात नंतर शिरतात, असे माझे मत झाले आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते टोपल्या विणणारे जो होगन. १९७८ साली ते गॅलवे परगण्यातल्या लॉख ना फूई या सरोवराकाठी राहायला गेले, तेथे त्यांनी स्वतः विलोची लागवड केली (आपल्याकडचा वाळुंज याच कुळातला) आणि पुढची कितीतरी वर्षे शेतकऱ्याच्या घरात लागणाऱ्या टोपल्याच विणल्या. पीट, म्हणजे दलदलीतून कापून काढलेले जळण, वाहून नेण्याची क्रील ही त्यांतली महत्त्वाची. ही टोपली उलटी विणतात. जाड काठ्या जमिनीत रोवायच्या, टोपलीचे तोंड जमिनीलगत धरून तेथून वर विणत जायचे, शेवटी उभ्या काठ्यांची टोके आत वाकवून एकमेकींत गुंतवून तळ तयार करायचा, आणि मग सगळी टोपली जमिनीतून उपटून सुलटी करायची. विलोची फांदी हिवाळ्यात पाने गळाल्यावर तोडतात, वाळवतात आणि विणण्याआधी पुन्हा भिजवतात. ती कमी भिजली तर वाकवताना तडकते, आणि ओलीच विणली तर वाळल्यावर आकसून वीण सैल पडते. कोणती फांदी किती वाकेल हे बोटांना कळायला लागायचे, तर त्यासाठी काही वर्षे द्यावीच लागतात.

होगन यांनी पुढे ज्या टोपल्या केल्या त्यांत काही भरून ठेवायचे नसते. दलदलीत सापडलेला लाकडाचा एखादा तुकडा किंवा वेडीवाकडी फांदी घेऊन ते तिच्याभोवती वीण चढवत जातात. २०१८ साली लोएवे या आंतरराष्ट्रीय हस्तकला पुरस्काराच्या अंतिम फेरीत त्यांचे नाव होते. लेख लिहिणारे या कामात सरोवर आणि डोंगर पाहतात. मला मात्र त्यात ती उलटी विणलेली क्रील दिसते, कारण फांदीच्या मनाविरुद्ध जायचे नाही हा धडा तिनेच त्यांना दिला असणार.

दुसरे उदाहरण कॉर्क परगण्यातले जोसेफ वॉल्श यांचे आहे. कोणत्याही शाळेत न शिकता सुतारकाम आत्मसात करून त्यांनी १९९९ साली स्वतःची कार्यशाळा काढली. 'एनिग्नम' या मालिकेत ते लाकडाचे पातळ थर काढतात, ते वाकवून पुन्हा एकमेकांना चिकटवतात, आणि त्यांतून वेलीसारखी वळत जाणारी मेजे आणि आसने उभी राहतात. गूढ आणि लाकूड या दोन लॅटिन शब्दांची जोड देऊन केलेल्या त्या नावातही देखाव्याचा उल्लेख नाही.

मंडळींचे मत वाचायला आवडेल, विशेषतः विरोधी.

प्रतिसाद – डोंगरवाट

सपशेल असहमत. आपण साहित्य एका बाजूला आणि निसर्ग दुसऱ्या बाजूला ठेवला आहे, पण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ही फाळणी टिकत नाही. होगन यांची विलो त्यांच्या घरामागेच उगवते, आणि दलदलीतला तो तुकडा त्या दलदलीशिवाय मिळाला नसता. साहित्य म्हणजेच तिथली जमीन.

डोनेगल परगण्यातल्या ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, पाहा. अर्डारा आणि किलकार या गावांत हे कापड आजही विणले जाते. लांबून ते करडे किंवा तपकिरी दिसते, पण बाही डोळ्यांजवळ आणली की तिच्यात पिवळा, जांभळा, गंजासारखा तांबूस आणि शेवाळी असे बारीक ठिपके दिसू लागतात. हे ठिपके कापडावर छापलेले नसतात. रंगीत लोकरीच्या छोट्या गुठळ्या पिंजणीच्या अखेरीस मिसळतात, म्हणजे त्या पूर्ण विरघळून जात नाहीत आणि सुतात गाठींसारख्या राहतात. पूर्वी हे रंग आसपासच्या वनस्पतींपासून काढत, आणि खडकावर वाढणाऱ्या दगडफुलापासून, होय, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच भाऊबंदांपासून, तपकिरी रंग मिळत असे. मी सप्टेंबरमध्ये तेथे गेलो होतो. डोंगरउतारावर हेदर या बुटक्या फुलझुडपाचा जांभळा, गोर्सच्या काटेरी झुडपांवर उरलेला पिवळा आणि खडकांचा करडा एका नजरेत पाहिला, आणि विकत घेतलेला गळपट्टा त्यासमोर धरला, तेव्हा माझ्यापुरता हा वाद मिटला.

प्रतिसाद – दोन सुलट एक उलट

डोंगरवाट यांनी ट्वीडचे वर्णन मनापासून केले आहे, परंतु आज बहुतेक सूत कारखान्यात रासायनिक रंगांनी रंगवले जाते. रंगांची निवड डोंगराकडे पाहून होत असेल, पण रंग डोंगराने दिला असे म्हणता येत नाही. माझा खरा आक्षेप यापेक्षा मोठा आहे. निसर्ग आणि परंपरा यांच्या गोष्टी कारागिराच्या कामावर बाहेरून कशा चढवल्या जातात हे पाहायचे असेल, तर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या अॅरन बेटांवरच्या स्वेटरकडे पाहावे.

मी चाळीस वर्षे विणकाम करते आणि हा स्वेटर दोनदा विणला आहे. न रंगवलेली पांढरी जाड लोकर, तिच्यात वेण्या, मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन. वेणी घालताना तीन टाके तिसऱ्या सुईवर अडकवून पुढे ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे आणि मग अडकवलेले घ्यायचे. एका ओळीत ही कसरत आठ-दहा वेळा येते आणि एखाद्या वेणीचा पीळ उलटा पडला तर चार ओळी उसवाव्या लागतात. या स्वेटरबरोबर जी चिठ्ठी मिळते तिच्यावर बहुधा लिहिलेले असते की प्रत्येक घराण्याची वीण निराळी होती आणि बुडालेल्या कोळ्याचे प्रेत तिच्यावरून ओळखत. याला आधार नाही. हा स्वेटर फार प्राचीनही नाही. आज आपण ओळखतो तसा तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत घडला. टाक्यांना धार्मिक अर्थ चिकटवण्याचे बरेचसे काम हाइन्झ एडगर कीवे नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने केले. त्याने १९३० च्या दशकात डब्लिनमध्ये असा एक स्वेटर पाहिला आणि त्याची मुळे थेट मध्ययुगीन हस्तलिखितांपर्यंत नेऊन भिडवली.

प्रेत ओळखण्याची कल्पना आयरिश नाटककार सिंजच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टू द सी' या नाटकातून पसरली असावी असे मानतात, पण त्या नाटकात स्वेटर नाहीच. तेथे मोजा आहे. बहीण तो ओळखते, कारण तिने स्वतः साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार सुटले होते, हे तिला आठवते. घराण्याची खूण नव्हे, आपल्या हातून झालेली चूक तिने ओळखली. विणणाऱ्या बाईला हे वाचताना जे वाटते ते त्या चिठ्ठीतल्या मजकुराने कधीच वाटणार नाही. म्हणून करंडी यांच्याशी मी सहमत आहे: हात आधी, गोष्ट नंतर.

प्रतिसाद – जुना हिशेब

आपण सर्वजण प्रेरणा हा शब्द फार सहज वापरत आहात. आयरिश हस्तकलेच्या मागे पोटाची गरज आणि सरकारी निर्णय किती आहेत याचा उल्लेख आतापर्यंत कोणीच केलेला नाही.

बटाट्याच्या दुष्काळात, १८४७ साली, मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी तिथल्या पाद्र्याच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी उपाशी कुटुंबांतल्या बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवण्याची व्यवस्था केली. या आयरिश क्रोशाने नक्कल केली ती व्हेनिसच्या सुईच्या लेसची, कारण श्रीमंत घरांत मागणी तिला होती आणि क्रोशाने तेच काम कितीतरी लवकर होत असे. आयर्लंडचे चिन्ह मानल्या जाणाऱ्या तीनदली शॅमरॉकची पाने त्यात आली, पण मूळ नमुना इटलीचा आणि कारण भुकेचे.

दुसरा प्रसंग विसाव्या शतकातला आहे. निर्यात वाढवण्याची जबाबदारी असलेल्या सरकारी मंडळाने पाच स्कँडिनेव्हियन तज्ज्ञांना बोलावले आणि १९६२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो देशातल्या वस्तूंच्या बऱ्याचशा रचनेविषयी (डिझाइनविषयी) कठोर होता, मात्र डोनेगलच्या हातमागाच्या ट्वीडविषयी चांगले बोलणारा होता. त्यातून १९६३ मध्ये किलकेनी डिझाइन वर्कशॉप्स ही संस्था निघाली, किलकेनीच्या किल्ल्यासमोरच्या जुन्या तबेल्यांत तिचे काम चालले आणि १९८८ मध्ये ती बंद झाली. तिने बाहेरून कसबी माणसे आणली. जर्मन सोनार रुडॉल्फ हेल्टझेल त्यांतलेच, ते तेथेच स्थायिक झाले आणि किलकेनी शहराच्या दागिन्यांची ओळख घडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आज आपण ज्याला समकालीन आयरिश शैली म्हणतो तिच्यात डेन्मार्क, स्वीडन आणि जर्मनी किती आहेत, हे विचारल्याशिवाय डोंगर की साहित्य हा वाद अपुरा राहतो.

जाता जाता एक मुद्दा. होगन टोपल्या विणणाऱ्या घराण्यातून आलेले नाहीत, वॉल्श स्वतः शिकलेले आहेत. आपल्याकडे बुरूडकाम अनेकांच्या वाट्याला जन्माने आले, त्यांना ते निवडता आले नाही आणि सोडताही सहज आले नाही. ज्याने काम निवडले त्यालाच त्याच्या प्रेरणेविषयी विचारले जाते, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद – कॉर्ककर

गेली अकरा वर्षे आम्ही कॉर्कजवळ राहतो आणि माझी मुलगी शाळेत कमोगी, म्हणजे हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा मुलींचा प्रकार, खेळते. त्यामुळे या वादात मी हर्ली, म्हणजे ज्या काठीने हा खेळ खेळतात ती, घेऊन येतो.

हर्ली अॅश झाडाच्या बुंध्याच्या अगदी खालच्या, सुमारे सव्वा मीटरच्या भागातूनच काढतात, कारण तेथे खोड मुळांकडे पसरते आणि लाकडाचे तंतू आपोआप वळलेले असतात. काठीचे पसरट टोक, ज्याला येथे बास म्हणतात, त्या वळणावर बसवले तर फटका झेलते. सरळ तंतूंच्या फळीतून तोच आकार कापला तर पहिल्याच सामन्यात तुकडा पडतो. आमच्या भागातल्या एका कारागिराने मुलीच्या हातात फळी देऊन पेन्सिलीने ते तंतू दाखवले होते. त्याने आधी वळण पाहिले, मग त्यावर साचा ठेवला, पुन्हा थोडा सरकवला आणि मगच रेघ ओढली. करंडी म्हणतात ते मला तेव्हा पटले असते.

पण हे झाडच मरते आहे. अॅशला सुकवणारा बुरशीचा रोग आयर्लंडमध्ये प्रथम २०१२ साली लेट्रिम परगण्यात आढळला आणि नंतर देशभर पसरला. हर्लीसाठी लागणारे बरेचसे लाकूड आता बाहेरून येते. क्लेअर परगण्यात हर्ली करणाऱ्या एका कुटुंबाने बांबूच्या पट्ट्या चिकटवून हर्ली बनवायला सुरुवात केली, आणि माझ्या मुलीकडे सध्या तशीच एक आहे. बांबू आयर्लंडचा नाही, त्याच्यात मुळाकडचे वळण नाही, दलदल नाही, डोंगर नाही. तरीही ती हर्लीच आहे, हातात घेतली की वजन आणि तोल ओळखीचा वाटतो. आता मला सांगा, साहित्य बदलले, जमीन बदलली, मग कारागिराला पुढे नेणारे नेमके काय उरले? माझे उत्तर असे की खेळ उरला. ज्या वापरासाठी वस्तू करायची तो वापरच तिला आकार देतो, आणि क्रीललाही त्यानेच आकार दिला होता.

प्रतिसाद – करंडी

कॉर्ककर यांच्या प्रश्नाने माझी मांडणी हलली हे मान्य करतो. वापर हा शब्द माझ्या धाग्यात यायला हवा होता. शेतकऱ्याच्या पाठीवर क्रील बसायची असे, गाढवाच्या दोन्ही बाजूंना जोडीने लटकायची असे, आणि उकडलेले बटाटे ज्या स्किब नावाच्या उथळ टोपलीत ओतत त्या टोपलीतून पाणी निथळायचे असे. तिची वीण घट्ट का नाही, याचे उत्तर त्या पाण्यातच आहे. डोंगरवाट यांचा मुद्दा मी अर्धाच स्वीकारतो, कारण हेदर पाहून आनंदणारे हजारो आहेत आणि त्यांतले ट्वीड विणणारे मोजकेच. जुना हिशेब यांनी निवडीविषयी लिहिलेले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले आणि त्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही.

एक गोष्ट मात्र सोडत नाही. होगन यांच्या आजच्या टोपल्यांना काही वापर नाही, वॉल्श यांचे काही आकार तर छतापर्यंत जातात. वापर संपल्यावरही हात थांबत नाहीत, ते का?

प्रतिसाद – दोन सुलट एक उलट

माझी मुले स्वेटर घालत नाहीत, नातवंडे पुण्याच्या उकाड्यात राहतात, तरी काल रात्री मी नव्या लोकरीचे साठ टाके घातले. कशासाठी ते अजून ठरलेले नाही, पण सुया बंद करून ठेवल्या की बोटे स्वस्थ बसत नाहीत. करंडी, तुमच्या प्रश्नावर माझ्याजवळ एवढेच आहे.