मदत हवी आहे: 'टर्न अ ब्लाइंड आय'ला मराठीत काय म्हणू? (आजच हवंय)

निशिगंध
एक ओळ अडली आहे. रात्री दहाला फाइल पाठवायची आहे. डोळेझाक, कानाडोळा, दुर्लक्ष हे सगळं लावून पाहिलंय, बसत नाही. दुसरं काही सुचतंय का? प्लीज लवकर.

केदार७७
डोळेझाक का बसत नाही? तोच नेमका अर्थ आहे. पूर्ण वाक्य द्या.

माणगंगा
डोळ्यांवर पट्टी बांधणे. गांधारीपासून चालत आलंय, सगळ्यांना कळतं.

निशिगंध
पट्टी तर अजिबात नको! वाक्य एवढंच आहे: 'ही टर्न्ड अ ब्लाइंड आय.' सबटायटल आहे, ४० अक्षरांत बसवायचंय.

अबोली
'ही' म्हणजे कोण? काय करतोय?

निशिगंध
नेल्सन, ब्रिटिश आरमाराचा सेनानी. कोपनहेगनची लढाई. 'ब्लाइंड आय' म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

केदार७७
कसं कळणार? आम्हाला वाटलं, कुठला तरी भ्रष्ट अधिकारी असेल. पण मग सोपं आहे, हा वाक्प्रचार नेल्सनमुळेच आला. २ एप्रिल १८०१. नेल्सन डॅनिश तोफांसमोर लढत होता आणि त्याचा वरिष्ठ हाइड पार्कर लांब, मागे होता. पार्करने लढाई थांबवा असा ३९ क्रमांकाचा इशारा झेंड्यांनी चढवला. नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला खरंच इशारा दिसत नाही.

वाटाड्या
प्रसंग बरोबर, 'त्याच्यामुळेच आला' हे चूक. तो जन्मायच्या आधीपासून हा प्रयोग इंग्रजीत छापलेला सापडतो. त्याच्या गोष्टीने तो घरोघरी पोचला, एवढंच. दरवेळी व्युत्पत्ती म्हणून हीच गोष्ट सांगतात आणि मला ते खरंच खटकतं.

केदार७७
जहाजावर हजर असलेल्या कर्नल स्ट्युअर्टने लिहून ठेवलंय. दंतकथा नाही ती.

वाटाड्या
दंतकथा कुठे म्हटलं? प्रसंग घडणं वेगळं आणि शब्द तिथे जन्मणं वेगळं.

मधुरा_क
सबटायटलचं काम म्हणजे दिवसभर स्क्रीन. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघत जा. मला खूप फरक पडला.

माणगंगा
त्याच्या डोळ्यावर पट्टी होतीच की! मग पट्टी का नको?

निशिगंध
म्हणूनच नको. तो आंधळ्या डोळ्यावर पट्टी बांधत नसे. १७९४ साली कॉर्सिकात काल्वीच्या वेढ्यात तोफगोळ्याने उडालेले दगड-माती लागून उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, पण डोळा जागेवरच राहिला. पडद्यावर तो उघडाच दिसतो आणि त्यालाच तो दुर्बीण लावतो. खाली 'डोळेझाक केली' आलं तर चित्र एक सांगतं आणि ओळ दुसरंच. हे आधी सांगायला हवं होतं, चूक झाली.

वाटाड्या
मग 'काणाडोळा' घ्या, ण घालून. काही जण तसंच लिहितात. काणा म्हणजे एका डोळ्याने न दिसणारा. श्लेष आयता मिळतो.

केदार७७
कानाडोळा म्हणजे कान आणि डोळा दोन्ही बंद ठेवणं. आम्हाला शाळेत तसंच शिकवलंय.

अबोली
शब्द कुठूनही येवो, 'काणा' नको. माझ्या काकांना गावात त्याच नावाने हाक मारायचे. ते काही बोलायचे नाहीत, पण जेवणावरून उठून जायचे. इथे 'अधू' वापरा.

आणि थोडं विषयांतर, राहवत नाही म्हणून. 'ॲपल ऑफ द आय' (फार लाडकं माणूस) मधलं ॲपल म्हणजे डोळ्यातला मधला काळा गोल. तो सफरचंदासारखा भरीव गोळा आहे अशी जुनी समजूत. लॅटिनमध्ये त्यालाच 'प्युपिला', म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली. संस्कृतात कनीनिका, त्यातही मुलगी आहेच. आपण तर थेट बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलंसं रूप दिसतं ना, त्यावरून. इतक्या दूरच्या लोकांना एकच गोष्ट दिसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माणगंगा
मग कुसळ आणि मुसळ? ते बायबलमधलं की आपलं?

वाटाड्या
त्यावर वेगळा धागा काढा. बायबलमध्ये मत्तयच्या सातव्या अध्यायात तीच कल्पना आहे, तिथे लाकडाची तुळई आहे.

निशिगंध
नऊ वाजून गेले!

अबोली
'त्याने अधू डोळा पुढे केला.' कारण पुढे करतात, निमित्त पुढे करतात, तसा डोळा. त्याने खरोखर तेच केलं. आपल्या जहाजाच्या कॅप्टन फोलीला म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधी कधी न दिसण्याचा हक्क आहे मला. आणि आपला स्वतःचा, जवळून लढत राहा हा इशारा उतरवू दिला नाही.

निशिगंध
घेतलं! दुर्बीण पडद्यावर दिसतेच, बहाणा 'पुढे केला'त आला. अबोली, मनापासून आभार. पाठवते.

केदार७७
डोळेझाक जास्त लोकांना कळली असती.