समुद्रापासून एवढ्या लांब, तरी चक्रीवादळाची तयारी करायची का?

तापीकाठ (यावल तालुका)
अरबी समुद्रात सिस्टीम तयार होतेय अशा बातम्या आहेत. आमचं गाव हतनूर धरणाच्या खाली, नदीला लागून, खालच्या गल्लीत निम्मी घरं धाब्याची (मातीच्या छपराची) अन् बाकी पत्र्याची, त्यात घरी आजी अंथरुणाला खिळलेली. ग्रुपवर लोक म्हणता, वादळ कोकणात असतं, आपल्याकडे कुठलं. खरंच घर सोडायची वेळ येऊ शकते का, अन् आली तर आधी काय करून ठेवायचं?

केळीवाला, रावेर
भो, निवांत राहू नको. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किमी होता, नाशिक ओलांडेस्तोवर जोर उतरला. जमिनीवर आलं की खाली समुद्राची वाफ मिळत नाही म्हणून वारा मंदावतो, पाऊस मात्र सोबत येतो. अन् वादळ पश्चिमेकडूनच येतं असं पण नाही, २०२१ चं गुलाब आंध्रात जमिनीवर आलं, मग कमी दाबाचं क्षेत्र होऊन तेलंगण, महाराष्ट्र करत गुजरातकडून अरबी समुद्रात गेलं अन् तिथं त्याचंच शाहीन झालं. घड लागलेली केळी तर साध्या वावटळीत पण मोडते, तिला बांबू लावा, पण माणसं आधी.

चाळीसगावकर
आपल्याकडे जीव घेतं ते पाणी. ३१ ऑगस्ट २०२१ ला चक्रीवादळ नव्हतं, डोंगरात रात्रभर पाऊस झाला अन् तितूर-डोंगरी नद्या चाळीसगावात शिरल्या, गुरं खूप दगावली. म्हणून आजीला कोण उचलणार, कोणत्या गाडीतून, वरच्या अंगाला कोणाच्या पक्क्या घरात, हे आत्ताच ठरवा आणि इशारा आला की दिवसाउजेडी हलवा, रात्री लाइट गेल्यावर अन् फरशी पुलावर पाणी आल्यावर काहीच होत नाही. धाब्याची माती पाणी पिऊन जड होते, दोन दिवस झड लागली की त्याखाली झोपूच नका. शाळेची चावी कोणाकडे असते ते पोलीस पाटलांना विचारून ठेवा, खरंच विचारा. आजीची औषधं, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. एसडीआरएफची (राज्याच्या आपत्ती बचाव दलाची) तुकडी धुळ्यात असते, पण ती पोहोचेपर्यंत गावालाच निभवावं लागतं.

तापीकाठ
धन्यवाद भाऊ. चावीचं उद्याच बघतो. गुरांचं काय करायचं?

चाळीसगावकर
जमलं तर आधीच वरच्या शेतात न्या. नाहीच जमलं तर निघताना दावं सोडा, बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, मोकळं असलं तर उंचवटा शोधतं.