फास्टर फेणे मोठा झाला तर उरतो का?

मूळ लेख
२०१७ साली आलेला 'फास्टर फेणे' हा चित्रपट अनेक वाचकांना आवडला; मला नाही. अमेय वाघ यांच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार वयाबद्दल आहे. भा. रा. भागवतांच्या किशोरकथांतला बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला, अंगाने किडकिडीत असा शाळकरी मुलगा आहे. मोठी माणसे ज्याकडे काणाडोळा करतात ते नेमके याच्या नजरेत भरते, सांगायला जावे तर पोरसवदा म्हणून त्याला कोणी मोजत नाही, आणि मग सायकलवर टांग मारून त्याला स्वतःच काहीतरी करावे लागते, यातच त्या कथांची सारी गंमत आहे. चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेला तरुण होतो. तरुण नायक गुंडांशी भिडला तर त्यात नवल ते काय? 'टॉक्' हा त्याचा ठरलेला उद्गार तेवढा उरला, आणि तो कोणाच्याही तोंडी घालता येतो.

प्रतिसाद १
असहमत. माध्यम बदलले की कथेची मोडतोड होणारच. सत्यजित राय यांनी फेलूदा या गुप्तहेराच्या स्वतःच्याच कथेवर १९७४ साली 'सोनार केल्ला' काढला, तेव्हा पुस्तकात शेवटपर्यंत झाकून ठेवलेले खलनायक त्यांनी पडद्यावर आरंभीच उघड केले. लेखकाने केले तर कौतुक आणि दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी केले तर विटंबना, हा न्याय मला पटत नाही. शिवाय परीक्षेतला घोटाळा हे आजच्या विद्यार्थ्यांच्या जिवाशी आलेले प्रकरण आहे. दिलीप प्रभावळकरांना भागवतांच्याच भूमिकेत आणून चित्रपटाने मूळ लेखकाची जाण ठेवली आहे, हेही विसरू नये. माझ्या भाच्याने चित्रपट पाहिल्यावरच पुस्तके मागितली. हट्टाने, संचच हवा म्हणून. (पहिल्या पुस्तकानंतर त्याने विचारले, "हा एवढासाच आहे?" हे मात्र कबूल करायला हवे.)

मूळ लेख लिहिणाऱ्याचे उत्तर
भाच्याचा प्रश्न हाच माझा मुद्दा आहे. रायांनी रहस्याची मांडणी बदलली, पण फेलूदाच्या मागे फिरणाऱ्या तोपशेला मिशा फुटू दिल्या नाहीत. दूरदर्शनवर १९८७ साली सुमीत राघवन यांची भूमिका असलेली फेणेवरची मालिका हिंदीत आली होती. तिथे भाषा बदलली तरी नायक किशोरवयातच राहिला.

प्रतिसाद २
दोघांचाही वाद चित्रपटापुरताच चालला आहे, आणि मला तो गौण वाटतो. चित्रपट फसला तरी कपाटातल्या पुस्तकाचे काही बिघडत नाही. भीती आहे ती दुसऱ्या हाताने लिहिलेल्या पुढच्या भागांची, कारण ते त्याच कपाटात, त्याच नावाने येऊन बसतात आणि नव्या वाचकाला अस्सल कोणते ते कळत नाही. टिनटिनचे जनक एर्जे यांनी आपल्यानंतर कोणी नवे टिनटिन रचू नये, अशी इच्छा व्यक्त केली होती. १९८३ साली ते गेले, त्यानंतर नवी कथामालिका निघाली नाही. २०११ साली स्पीलबर्गचा चित्रपट मात्र आला आणि त्याने मूळ चित्रकथांना धक्का लागला नाही. फेणेच्या बाबतीतही हीच वाट असावी.

प्रतिसाद १
म्हणजे आजच्या मुलांनी भागवत जिथे थांबले तिथेच थांबायचे? कोणी ताकदीचा लेखक शाळकरी फेणेलाच घेऊन उद्या नवी गोष्ट लिहील, तर मी ती पहिल्याच दिवशी विकत घेईन.