गावरान अंडी मोजू नका, तोला

परड्यातली आठ-दहा कोंबडी एकदम अंड्यावर आली की केकमध्ये अंडी खपवायची, असा सल्ला देतात आणि तो बरोबर आहे. पण 'चार अंडी' असं लिहिलेल्या कृतीत चार गावरान अंडी घातली तर केक कोरडा आणि बसका होणारच. पाककृतीतलं अंडं टरफलाशिवाय ५० ग्रॅम धरलेलं असतं, आपलं गावरान जेमतेम ३५ भरतं. शिवाय त्यात बलकाचा वाटा जास्त. म्हणून फोडून वजन करा.

सात अंडी म्हणजे साधारण २४० ग्रॅम. लोणी, पिठीसाखर, मैदा प्रत्येकी तेवढंच, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, दोन टेबलस्पून दूध. आठ इंची भांडं, १७० अंश, ४५ ते ५० मिनिटं. अंडी फ्रिजमधून काढून थेट लोण्यात घालू नका, मिश्रण फाटतं. फाटलंच तर चमचाभर मैदा घालून फेटा.

आपल्याकडचा गूळ वापरायचा मोह होतोच, आणि चव खरंच सुरेख येते. फक्त निम्मी साखर ठेवा. नुसत्या गुळावर लोणी नीट फुलत नाही. गूळ किसून चाळा आणि पाव चमचा सोडा वाढवा.

तरीही उरली तर फ्रीझर. टरफलासकट नको, तडकतात. फेटून, कपाला एक टेबलस्पून साखर मिसळून डब्यात भरा, नाहीतर बलक घट्ट गोळा होतो. ही साखर कृतीतून वजा करा. खुराड्यात उशिरा सापडलेलं प्रत्येक अंडं मात्र आधी वेगळ्या वाटीत फोडा.